सतराव्या ओळीपर्यंतची खिडकी

माझ्या थोरल्या जाऊबाईंशी वाद घालायचा असेल तर त्यांच्या हातात काच नसताना घालावा. काच असली की त्या सगळं ऐकून घेतात, पण उत्तर देत नाहीत. काच कापायचा हिरा एकदाच, वरून खालपर्यंत, न थांबता ओढतात. मग काच टेबलाच्या कडेवर धरून हलकेच दाबतात आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले की मान वर करून म्हणतात, "हं, काय म्हणत होतीस?" तोवर आपलं म्हणणं आपल्यालाच पोकळ वाटायला लागलेलं असतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे सोसते आहे.

आमचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, ते गेल्यावर आता आम्ही दोघी जावा चालवतो. पुढे काउंटर, तिथे मी. मागे कामाचं मोठं टेबल, भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात काचेचे तुकडे टाकायचा डबा आणि या सगळ्याच्या मध्ये जाऊबाई. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं माझ्याकडे आहे, कारण ते त्यांच्याकडे गेलं तर दुकानाला कुलूपच लागेल. एकदा एक गृहस्थ स्वतःचं कसलंसं प्रमाणपत्र घेऊन आले. चांगली हातभर रुंदीची सोनेरी पट्टी लावून द्या म्हणाले. जाऊबाईंनी मागूनच सांगितलं, "फ्रेम मोठी केली म्हणून प्रमाणपत्र मोठं होत नाही हो." गृहस्थ तणतणत निघून गेले. आठवड्याभराने साधी काळी पट्टी मागायला परत आले, पण मधला आठवडाभर मी रोज गल्ला मोजत बसले होते त्याचं काय?

तर अशा या बाईला फुटबॉलचं वेड. वेड म्हणजे आमच्या गावाच्या क्लबचं, बाकी जगाचा फुटबॉल गेला उडत. सासऱ्यांनी घरातल्या सगळ्यांनाच मैदानावर नेलं होतं, पण लागण झाली ती फक्त थोरल्या सुनेला आणि धाकट्या मुलाला. थोरले दीर म्हणजे जाऊबाईंचे यजमान, ते अजूनही सामन्याला येतात आणि झोपतात. गोल झाला की गडबडीने उठून टाळ्या वाजवतात, गोल कुणीही केलेला असो. धाकटा मुलगा म्हणजे माझा नवरा. मी कशी ओढली गेले ते मलाच कळलं नाही. घरात तिघं एकाच विषयावर बोलत असली की चौथीला एक तर तो विषय शिकावा लागतो, नाही तर माहेरी जावं लागतं.

मैदानाच्या पूर्वेच्या स्टँडखाली आम्हा चाहत्यांची एक खोली आहे. तिच्या एका भिंतीवर फ्रेमच फ्रेम आहेत आणि त्यांत एकाही खेळाडूचा फोटो नाही. ही सासऱ्यांची करामत. हंगाम सुरू होण्याआधी सगळे त्या खोलीत जमतात आणि आपला क्लब यंदा कितव्या नंबरावर येईल यावर भांडतात. भांडून घसे बसले की माउंट कापायचा. माउंट म्हणजे फोटोच्या भोवती जो जाड पुठ्ठा असतो तो. पेपरात गुणतक्ता येतो, त्याच्या मापाने त्या पुठ्ठ्यात एक आडवी खिडकी पाडायची. क्लब आठवा ते बारावा येईल असं वाटलं, तर तेवढ्याच पाच ओळी दिसतील अशी. मग फ्रेम तशीच, रिकामी, भिंतीवर लावायची. हंगाम संपला की शेवटचा तक्ता पेपरातून कापून पुठ्ठ्यामागे सरकवायचा. आपल्या क्लबचं नाव खिडकीत दिसलं तर कापणारा बरोबर. नाव पुठ्ठ्याआड गेलं तर कापणारा चुकला. फ्रेम दोन्ही वेळेला भिंतीवर राहते, आणि एकदा कापलेला पुठ्ठा पुन्हा कापायचा नाही.

आणखी एक नियम आहे. कापणारा तीनदा चुकला की पुठ्ठा कापायचा कटर दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

सासरे तिसऱ्यांदा चुकले तेव्हा सगळ्यांना वाटलं, कटर आता धाकट्या मुलाकडे जाणार. माझ्या नवऱ्याने म्हणे त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला होता. सासऱ्यांनी कटर काढला आणि सुनेच्या हातात ठेवला. "याचा हात डावीकडे जातो," एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, घरातले दोन वाकडे पुठ्ठे त्याची साक्ष होते. पण भर खोलीत सांगायची गरज होती का? नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. चालणारी लिफ्ट दाखवायला त्याला कुणी बोलावत नाही, त्याला फक्त बंद पडलेल्याच दिसतात. त्यामुळे क्लबबद्दलही तो नेहमी वाईटच बोलतो, असं म्हणून मी त्याला समजून घेते.

जाऊबाईंनी कटर घेतल्यावर कित्येक हंगाम खिडकी चुकली नाही. पूर्वेच्या स्टँडमध्ये लहानथोर सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आणि वहिनींनी कापलं म्हणजे तसंच होणार, असं लोक बोलायला लागले. मग एका वर्षी प्रशिक्षक मध्येच सोडून गेला, क्लब घसरला आणि पहिली चूक झाली. दुसरी चूक मागच्या हंगामात झाली. जाऊबाईंनी मधल्या पाच ओळींची खिडकी कापली होती आणि आमचा क्लब, ज्याच्याकडून कुणालाच काही आशा नव्हती, तो दुसरा आला. दुसरा येऊन वरच्या लीगमध्ये गेला. गावाने तो दिवस डोक्यावर घेतला. पण भिंतीवरच्या फ्रेममध्ये बघाल तर आमच्या सगळ्यांत मोठ्या वर्षी आमचं नावच नाही, ते वरच्या पुठ्ठ्याआड आहे.

म्हणजे हिशेब सरळ होता. या हंगामात खिडकी चुकली की कटर गेला. जाऊबाई तसं बोलून दाखवत नव्हत्या, पण त्या महिन्यात त्यांनी दुकानातल्या प्रत्येक कटरचं पातं बदललं, गरज नसलेल्याचंही.

वर जाण्याचा आनंद ओसरला आणि अंदाजांचा पूर आला. दाताचे डॉक्टर, म्हणजे स्टँडमध्ये आमच्या पुढच्या रांगेत उभे राहणारे, ते म्हणाले, पहिल्या दहात. रोज दुखणार नाही, दुखणार नाही म्हणायची त्यांना सवय आहे, त्यामुळे ते मनावर घ्यायचं नसतं. क्लबने नवा जाहिरात-साहेब नेमला होता. तो एक दिवस गुळगुळीत पोस्टरची गुंडाळी घेऊन आमच्या दुकानात आला. पोस्टरवर डोंगर होता, आणि वर लिहिलं होतं, 'आता शिखर!'

"हे चाहत्यांच्या खोलीत लावायचंय," तो म्हणाला. "भिंतभर."

"भिंत भरलेली आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"त्या जुन्या फ्रेम काढता येतील ना. खरं सांगू का, त्यातल्या अर्ध्या तर खालच्याच नंबरांच्या आहेत."

"अर्ध्याहून जास्त. नीट बघा एकदा."

साहेब हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसणारा तो एकटाच आहे. पोस्टर शेवटी खोलीबाहेर, पिण्याच्या पाण्याच्या नळावर लागलं. फ्रेम आम्हीच करून दिली आणि पक्की करून दिली, कामात खोट नाही.

हंगामाआधीच्या रविवारी सगळे खोलीत जमले. उभं राहायला जागा नव्हती. मध्ये टेबल, टेबलावर पांढरा पुठ्ठा, त्याच्या शेजारी कटर आणि सासऱ्यांची काठी. या काठीवर खाचा आहेत, एक खाच म्हणजे तक्त्यातली एक ओळ. काठी पुठ्ठ्यावर ठेवायची, खाचा मोजायच्या, खूण करायची आणि कापायचं.

आधी माझा नवरा बोलला. घरी आरशासमोर बोलून बघितलं असावं, इतकं नीट बोलला.

"वीस क्लब आहेत. खालचे तीन बाहेर जाणार. दर वर्षी तीन क्लब वर येतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यातलेच परत खाली जातात. आपण या वर्षी नवा गडी घेतला एक, तोही दुसऱ्यांनी सोडलेला. वहिनी, वास्तव बघा. खालच्या तीन ओळींची खिडकी कापा. कटर तुमच्याकडेच राहील."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कारण तो वाईट वाटेल असं बोलला होता, पण चूक बोलला नव्हता. आणि मला वाटतं तो मनापासून बोलला होता. वहिनीचा कटर वाचावा असंच त्याला वाटत होतं, फक्त त्याची काळजीसुद्धा बंद पडलेल्या लिफ्टसारखी असते.

"भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या, "मी तळाची खिडकी कापली. मग आपण गोल केला. मी टाळ्या वाजवू की कपाळाला हात लावू?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. वर्षभर स्टँडमध्ये उभी राहून आपण हरावं म्हणून वाट बघू? एका कटरसाठी?"

"मग पहिल्या दहात कापा," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही दाढ काढतानाही हेच सांगता."

लोक हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी काठी उचलली.

"सतरावा," त्या म्हणाल्या. "सतरावा आला की क्लब वरच्या लीगमध्ये राहिला. याहून जास्त मी मागत नाही आणि याहून कमी घेत नाही. आणि वरची बाजू उघडी ठेवणार. मागच्या वर्षी मी वरून झाकलं आणि आपली पोरं पुठ्ठ्याआड वर गेली. ते परत करायचं नाही. फक्त खालच्या तीन ओळी झाकणार."

"ही कसली खिडकी, हे तर दार झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

"दार म्हणा. त्या तीन ओळींच्या तोंडावर लावलेलं."

काठी ठेवली, खाचा मोजल्या, सतराव्या खाचेवर पेन्सिलीची खूण केली आणि कटर ओढला. चार बाजू, चार वेळा. आतला तुकडा अलगद सुटून टेबलावर पडला.  आजवरच्या सगळ्या खिडक्या म्हणजे चिरा होत्या, ही पहिलीच वेळ होती की पुठ्ठा कमी आणि उघडी जागा जास्त होती.

आता आमच्या घराण्याची चूक सांगते.

पहिला सामना हरलो, त्याचं काही नाही, हरणारच होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात मी एक फ्रेम गुंडाळायला पेपर घेतला. आम्ही आयुष्यभर पेपर उघडला की आतल्या पानावर जातो, खालच्या कोपऱ्यात, जिथे खालच्या लीगचा तक्ता येतो. हात आपोआप तिथे गेला आणि आमचं नावच सापडेना. मग आठवलं, आपण आता वर आहोत. मागचं पान उलटलं. वरच्या लीगचा तक्ता तिथे ऐसपैस पसरलेला, मोठी अक्षरं, प्रत्येक नावाआधी त्या क्लबचं चिन्ह. इतकी वर्षं तो तिथेच होता, आम्ही एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. परक्याच्या घरात डोकावून काय करायचं?

मी काठी आणून त्यावर ठेवली. पहिली खाच जुळली. पाचवीपर्यंत थोडी सरकली. सतराव्या खाचेपाशी आले तेव्हा मी काठी उचलून पुन्हा पहिल्या ओळीपासून ठेवली.

"ताई," मी म्हटलं, "ही काठी आतल्या पानाची आहे."

त्यांच्या हातात काच होती. त्यांनी हिरा ओढला, काच कडेवर धरली, दाबली, दोन तुकडे केले. मग मान वर केली.

"किती ओळी बसतात?"

"पंधरा."

त्या आल्या, तक्ता बघितला, काठी स्वतः ठेवून बघितली. सासऱ्यांची काठी, सासऱ्यांच्या खाचा, आतल्या पानाची बारीक छपाई. सगळ्या खोलीसमोर मोजलं होतं आणि खोलीतल्या एकालाही शंका आली नव्हती, कारण वरच्या लीगचा तक्ता कुणीच कधी मापला नव्हता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी खोलीत माझा नवरा आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. "परत कापा," तो म्हणाला. "ही अंदाजाची चूक नाही, मापाची चूक आहे. नियमात ती धरत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर तर नवा पुठ्ठा आणायला निघालेसुद्धा.

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या. "बाबांच्या तीन चुकांपैकी एक मापाचीच होती. तेव्हा कुणी परत कापलं?"

"वहिनी, पंधरावा म्हणजे अशक्य आहे हो."

"तोंडाने मी सतरावा म्हटलं. हाताने पंधरावा कापला. माझा तोंडापेक्षा हातावर जास्त विश्वास आहे."

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी जाताना मी बोललेसुद्धा. "ताई, हा नुसता हट्ट आहे. लोक स्वतःहून सूट देतायत आणि तुम्ही नाकावर टिच्चून..."

"सूट घेऊन वरच्या लीगमध्ये आलोय का आपण?" एवढंच त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही.

हंगाम कसा गेला ते काय सांगू. गावातल्या चहाच्या दुकानात अनोळखी माणूससुद्धा आमच्याकडे दुखवट्याला आल्यासारखा बघायचा. हरलो, हरलो, बरोबरी झाली, हरलो. टीव्हीवर सूट घातलेली माणसं आमच्या क्लबबद्दल बोलताना 'बिचारे' म्हणायची. बिचारे? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या शब्दावर जाऊबाईंनी टीव्ही बंद केला आणि थोरल्या दिरांना झोपेतून उठवून सांगितलं की आजपासून या घरात ते चॅनेल लागणार नाही. दिरांनी बरं म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले.

थंडीत आम्ही विसावे होतो. विसाव्याखाली काही नसतं, असलं तर पाण्याचा नळ असतो आणि त्याच्यावर लावलेला डोंगर. एका दुपारी आमच्याच मैदानावर, आमच्याच डोळ्यांसमोर, शून्य-चार झालं. लोक उठून जायला लागले. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मागे वळून जाऊबाईंकडे बघितलं. मला वाटलं आता हे काहीतरी लागट बोलणार. त्याऐवजी ते मैदानाकडे वळले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "पंधरावा!"

दोन-चार लोक हसले. मग दोन-चार लोक ओरडले. मग आमची रांग, मग वरची रांग. जिन्यावर पोचलेले लोक थांबून मागे वळले. सगळा पूर्वेचा स्टँड चार गोल खाऊन "पंधरावा! पंधरावा!" म्हणून पाय आपटायला लागला. समोरच्या क्लबचे चाहते गोंधळून एकमेकांकडे बघत होते. त्यांचा गोलकीपर तर मोकळाच होता, तो कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला. मीही ओरडत होते. माझा नवरा ओरडत नव्हता, तो वहिनीकडे बघत होता.

त्या दिवशी जेवताना मी त्याला टोचलं. "तुझी तर मजा आहे. कटर घरातच येणार."

त्याने घास खाली ठेवला. "मला कटर नको होता असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून हवा होता. पण असा नको." मग तो भात नुसता चिवडत राहिला. मला त्याची दया आली आणि स्वतःचीही लाज वाटली, पण मी त्याला आणखी थोडी आमटी वाढण्यापलीकडे काही केलं नाही.

थंडी सरली आणि दुसऱ्यांनी सोडलेल्या त्या गड्याला एकाएकी गोल सापडायला लागले. कसे, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक जिंकलो. मग आणखी एक. प्रत्येक सोमवारी मी पेपर उलटून तक्ता बघायचे आणि जाऊबाईंना फक्त आकडा सांगायचे. एकोणिसावा. एकोणिसावा. अठरावा. सतरावा. त्या नुसतं "हं" म्हणायच्या आणि हिरा उचलायच्या.

शेवटच्या सामन्याला हिशेब असा होता की बरोबरी केली तरी आम्ही राहतो. मात्र पंधराव्या ओळीपर्यंत पोचणं आता कुठल्याच गणितात बसत नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एक-एक. शेवटची दहा मिनिटं चेंडू आमच्याच गोलपाशी होता, माझे डोळे मिटलेले होते आणि जाऊबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली होती. शिट्टी वाजली तेव्हा आधी काही कळलं नाही. मग नवऱ्याने डॉक्टरांना चक्क उचललं. थोरले दीर उठून टाळ्या वाजवायला लागले आणि पहिल्यांदाच त्यांचं बरोबर होतं.

"राहिलो," जाऊबाई म्हणाल्या. "राहिलो गं."

त्या रडत होत्या. काच हाताला लागून रक्त आलं तरी 'स्स' न करणारी ही बाई, तोंड न झाकता, सगळ्या स्टँडसमोर रडत होती. मीही रडले. आम्ही सतरावे होतो. तोंडाने मागितलं तेवढं सगळं मिळालं होतं, आणि त्यांचा कटर गेला होता.

दुसऱ्या दिवशी खोलीत माणसांवर माणसं होती. जाऊबाईंनी फ्रेम उतरवली, मागच्या पत्र्याच्या पिना उपटल्या, पेपरातून कापलेला तक्ता पुठ्ठ्यामागे नीट सरळ बसवला आणि फ्रेम उलटी केली. पंधरा ओळी. आमचं नाव नाही. त्यांनी खिडकीच्या खालच्या कडेखाली पुठ्ठ्यावर बोट टेकवलं. "इथे आहोत," त्या म्हणाल्या.

"वहिनी, दोन ओळींचा तर प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सतरावाच म्हणाला होतात. आम्ही सगळे साक्षीला आहोत."

"हो, हो," असा गलका झाला.

"बाबा शेवटचे चुकले ते एका ओळीने," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि मी काय वरच्या लीगची म्हणून वेगळी?" त्यांनी पिशवीतून कटर काढला. "भाऊजी, धरा. पातं नवं घातलंय. मनगट सैल सोडू नका, तुमचा हात डावीकडे जातो."

माझ्या नवऱ्याने कटर घेतला. ज्याची आयुष्यभर वाट बघितली ती वस्तू हातात आली की माणसाचा चेहरा फुलायला हवा. त्याचा चेहरा असा होता की मला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं.

"आता पुढच्या वर्षीचं बोल," मागून कुणीतरी विचारलं. "दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा अवघड असतं म्हणतात. कुठे कापणार? खालच्या तीन ओळी?"

प्रश्न खोचक होता, पण त्याने तो अंगाला लावून घेतला नाही. कोपऱ्यातून कोरा पुठ्ठा आणला. काठी टेबलावरच होती, तिच्याकडे त्याने बघितलं नाही. पेपरही उघडला नाही. त्याने वहिनीची फ्रेम पुन्हा खोलली, त्यांचा पुठ्ठा बाहेर काढला, कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला, कडा जुळवल्या आणि त्या मोठ्या खिडकीच्या चारही बाजूंनी पेन्सिल फिरवली.

"अरे, ते पंधरा आहेत," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे."

"ते माप चुकलेलं आहे ना पण."

"चुकलेलं नाही," माझा नवरा म्हणाला. "वहिनींनी एक वर्ष आधी कापलं, एवढंच."

 त्याने मनगट आवळलं आणि कापायला घेतलं. चार बाजू, चार वेळा. तुकडा लगेच सुटला नाही, एका कोपऱ्यात अडकला, तो त्याने नखाने सोडवला. मग पुठ्ठा उचलून वहिनीपुढे धरला.

जाऊबाईंनी तो खोलीच्या खिडकीपाशी उजेडात नेला, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे तेवढे हलताना दिसले.

"डावीकडे गेलाच शेवटी," त्या म्हणाल्या.

"गेला."

"लावा मग भिंतीला." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि टेबलावरचा खिळा उचलला. "आणि पेपरवाल्यांनी पुढच्या वर्षी अक्षर अजून मोठं केलं, तरी परत कापायचं नाही."

"नाही कापणार," तो म्हणाला, आणि हातोडी शोधायला लागला.